फांद्यांची उचल कोणाच्या हिशेबी?

(शहरी असंघटित कामगारांच्या प्रश्नांवर कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे लेखी रूप)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते मी पाहिले. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने वित्तीय तुटीवर बोलावे, शेतमालाच्या भावावर बोलावे. तोडलेल्या फांद्या कोणी उचलाव्यात आणि त्याचे किती पैसे घ्यावेत यावर त्याने तासभर घ्यावा, हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या काही साथींनी झाडे छाटणाऱ्या मजुरांची सहकारी संस्था काढण्याचा विचार पुढे आणला आहे. विचार चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. मात्र त्याबरोबर हिशेबाचा जो कागद हातोहात फिरतो आहे, त्यात एक वाक्य आहे: ‘लाकूड संस्थेचे राहील, म्हणून उचल मोफत.’ माझे आजचे सारे बोलणे या एका वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य तसेच राहिले तर संस्था बुडेल. कदाचित ती बुडणारही नाही, नफ्यात चालेल. आणि ती गोष्ट अधिक वाईट असेल. असे का, ते सांगतो.

प्रथम या मालाचे स्वरूप पाहू. एखाद्या वाड्यातला किंवा गृहनिर्माण सोसायटीतला वर्षावृक्ष पावसाळ्यापूर्वी हलका करायचा ठरला, की चार तासांत अंगणात जो ढीग पडतो तो पाहून छाटणी सांगणारा गृहस्थ स्वतःच चकित होतो. झाडावर असताना ज्या फांद्या आकाशाचा थोडासा भाग व्यापून होत्या, त्या जमिनीवर आल्या की सबंध वाहनतळ अडवितात. फांदीला फाटे असतात. ती दुसऱ्या फांदीवर नीट बसत नाही. मध्ये हवा राहते. त्यामुळे टेम्पो वजनाने भरण्याच्या फार आधी आकाराने भरतो. भाडे पूर्ण द्यावे लागते आणि वाहिली जाते ती पुष्कळशी हवाच. उलट बुंध्याचे आणि जाड फांद्यांचे ओंडके थोड्या जागेत मावतात, पण ते जड असतात. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, आणि ते पाणी मजुराच्या खांद्यावरूनच गाडीत चढते. म्हणजे एकाच झाडातून तीन प्रकारचा माल निघतो: ओंडके, ज्यांना गिऱ्हाईक असू शकते, काटक्या-डहाळ्या, ज्या कोणी फुकट नेल्या तर नेतात, आणि पाला व बारीक फांद्या, ज्या नेण्यासाठी आपल्यालाच पदरचे पैसे मोजावे लागतात.

अर्थशास्त्रात याला संयुक्त उत्पादन म्हणतात. मेंढीपासून लोकर आणि मांस एकत्रच मिळते, गव्हाबरोबर भुसा येतोच, ही पाठ्यपुस्तकातली उदाहरणे आपण सर्वांनी वाचली आहेत. पण पाठ्यपुस्तकात बहुधा दोन्ही वस्तूंना काहीतरी भाव असतो. येथे एका वस्तूची किंमत शून्याच्याही खाली आहे. ‘लाकूड संस्थेचे, म्हणून उचल मोफत’ या वाक्यात असे गृहीत धरलेले आहे की ओंडक्यांच्या भावातून पाल्याचा तोटा भरून निघतो. पुष्कळ झाडांच्या बाबतीत हे खोटे आहे. गुलमोहराचे लाकूड हलके आणि ठिसूळ. वखारवाला त्याला फारसा विचारीत नाही. नारळाचा बुंधा जळणाला नकोसाच. त्याच्या झावळ्यांचे हीर काढणारे कोणी भेटले तर भेटले. आंबा, जांभूळ, बाभूळ यांना मागणी असते, पण छाटणीत निघणारा त्यांचा जाड भाग किती असणार?

आणि ही मागणीही आटत आहे. एके काळी शहरातल्या घरोघरी बंब पेटत असे, मोळीविक्या दारावर येत असे, दर दोन-चार गल्ल्यांआड जळाऊ लाकडाची वखार असे. घरगुती गॅसने ते बहुतांशी संपविले. त्यानंतर मोठे गिऱ्हाईक उरले ते बेकऱ्यांच्या भट्ट्यांचे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची दखल घेऊन मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच होता. धुराचा त्रास बंगलेवाल्यांपेक्षा चाळकऱ्यांना अधिक होतो. पण ज्या कंत्राटदारांनी आपला दर ओंडक्यांच्या विक्रीवर बांधला होता, त्यांच्या पायाखालचा आधार अशा आदेशांनी सरकतो. आपली संस्था आज तोच आधार शोधीत निघाली आहे.

आता हिशेब करू. मी धरलेले आकडे केवळ सोयीसाठी आहेत. आपापल्या गावचे दर घालून प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत. समजा, एका सोसायटीत दिवसभराचे छाटणीचे काम आहे. झाडावर चढणाऱ्या कुशल माणसाला २,००० रुपये, खाली चार मदतनीस प्रत्येकी १,००० रुपये, दोर, यांत्रिक करवत, तेल व झीज मिळून १,००० रुपये: एकूण ७,०००. देखरेख, विमा आणि संस्थेचा किरकोळ खर्च २,०००. आता उचल. ढीग तीन खेपांचा आहे. एका खेपेला टेम्पोचे भाडे १,५००. भरायला चार माणसे दोन तास, म्हणजे आठ श्रमतास. गाडीबरोबर जाऊन उतरवून परत यायला दोन माणसे दोन तास, म्हणजे आणखी चार. तासाला १२५ रुपये धरले, तर बारा तासांचे १,५००. एक खेप ३,०००ची, तीन खेपा ९,०००च्या. सगळ्या कामाचे झाले १८,००० आणि त्यातले नेमके अर्धे उचलीचे! यात माल टाकण्याच्या जागेचे शुल्क धरलेलेच नाही.

हा निम्मा भाग दरपत्रकात कोठे दिसतो? बहुधा दिसतच नाही. ‘झाडे छाटणे व कचरा उचलणे, एकरकमी’ अशी एक ओळ असते आणि पुढे एक आकडा. सोसायटीचे चिटणीस तीन दरपत्रके मागवितात आणि सर्वांत लहान आकडा निवडतात. कोणी एक जण ११,०००ला तयार होतो. सात हजार रुपये कोठून वाचले, हा प्रश्न चिटणिसांना पडत नाही. त्यांना का पडावा? त्यांचे अंगण तर संध्याकाळपर्यंत स्वच्छ झालेले असते.

ते सात हजार कोठून वाचतात, हे आपण कामगारांत वावरणारी माणसे जाणतो. शेवटच्या दोन खेपा रात्री ओढ्याच्या कडेला किंवा मोकळ्या भूखंडावर रित्या होतात. पाला कोपऱ्यात ओढून पेटविला जातो. भराईचे तास हजेरीत धरले जात नाहीत. ‘छाटणीचा रोज’ ठरलेला असतो आणि अंधार पडेपर्यंत केलेली भराई त्यातच जमा होते. झाडावर चढणाऱ्याचा दोर आणखी एक हंगाम चालविला जातो. विमा हा शब्द उच्चारला जात नाही. कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या आधी पिगूने १९२० साली याच प्रश्नाला हात घातला होता, पण पिगूच्या लेखी ही बाजारातली एक त्रुटी होती, कर लावून दुरुस्त करता येण्यासारखी. कापचे म्हणणे अधिक कठोर होते: खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा अपवाद नसून नफा मिळविण्याची ती नित्याची रीत आहे. तुमच्या-आमच्या अंगणातल्या फांद्यांच्या ढिगावर कापचे म्हणणे पडताळून पाहायला कोणत्याही विद्यापीठाची गरज नाही.

यात कायदा नाही असे नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच बागेतला कचरा निर्माण करणाऱ्याने आपल्या आवारात वेगळा ठेवावा व स्थानिक संस्थेच्या निर्देशानुसार त्याची वाट लावावी असे सांगितले. तो रस्त्यावर टाकण्यास, जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. या सर्वांचा रोख ज्याच्या आवारात कचरा निर्माण झाला त्याच्यावर आहे, हे लक्षात घ्या. प्रत्यक्षात सापडतो मात्र काडी ओढणारा मजूर. एकरकमी दराची हीच तर सोय आहे: रक्कम दिली की मालकाची जबाबदारी फांद्यांबरोबरच फाटकाबाहेर जाते.

आता ज्या मुद्द्याला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो त्याकडे येतो. संस्था नफ्यात चालली तर ते अधिक वाईट, असे मी प्रारंभी म्हणालो. लाकूड हेच मोल ठरले, तर मोल मिळविण्यासाठी काय कापावे लागेल? पाला नव्हे, डहाळ्या नव्हे; जाड फांदी आणि बुंधा. चांगली छाटणी म्हणजे वाळलेले, रोगट, एकमेकांवर घासणारे, तारांवर वा छपरावर आलेले तेवढे काढणे. त्यात निघणारा माल बहुतेक नकोसा. वाईट छाटणी म्हणजे मुख्य फांद्या खोडापासून मीटरभर अंतरावर सरसकट उडविणे. त्यात ओंडके भरपूर मिळतात आणि काम लवकर होते. पुढे त्या थोटकांतून कमकुवत धुमारे फुटतात, खोड सडू लागते आणि काही वर्षांनी ‘धोकादायक’ म्हणून सबंध झाड तोडण्याचा अर्ज येतो. तेव्हा पुन्हा लाकूड! गावाकडे ‘झाड तोडून दे आणि लाकूड घेऊन जा’ हा व्यवहार पूर्वापार चालत आला आहे. तेथे झाड तोडायचेच ठरलेले असते, म्हणून त्यात विसंगती नाही. शहरात झाड राखायचे असताना तोच व्यवहार करणे म्हणजे शेरडाला पिकाची राखण सांगून चाऱ्यातच त्याचा पगार फेडण्यासारखे आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणे आहेत, आणि त्या कायद्यात ‘तोडणे’ या शब्दात झाड जाळणे किंवा त्याला अन्य रीतीने इजा करणे हेही येते. पण ज्या दराच्या रचनेतच इजेला बक्षीस आहे, तेथे कायदा किती धावणार? आपल्या संस्थेतील मजूर स्वभावाने वाईट नसतील. मात्र महिनाअखेर त्यांची वाटणी ओंडक्यांच्या विक्रीवर ठरू लागली, की चढणाऱ्याच्या हातातली करवत आपोआप एक वीत खाली सरकेल.

म्हणून माझी पहिली सूचना अशी: छाटणीचा दर वेगळा, उचलीचा दर वेगळा, आणि लाकडाचा हिशेब तिसऱ्या ओळीत. लाकूड मालकाला ठेवायचे असेल तर त्याने ठेवावे. संस्थेने नेले तर विकून आलेली रक्कम मालकाच्या देयकातून वजा करावी, हाताळणीचा खर्च तेवढा कापून घ्यावा. ती रक्कम कोणत्याही सभासदाच्या वाटणीशी जोडू नये. चढणाऱ्याला काय कापले यावर काही मिळत नाही, एवढी एकच गोष्ट साधली तरी झाडांवर उपकार होतील.

आपल्यापैकी काही जण पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेचा दाखला देतील. त्यांच्या सभासद घरोघरचा कचरा नेण्याचे शुल्क घेतात आणि वर भंगार विकण्याचा हक्कही त्यांचाच असतो. मग आपल्या मजुरांनी लाकूड का सोडावे? दाखला चांगला आहे, पण तो नीट वाचला पाहिजे. तेथे सेवेचे शुल्क स्वतंत्र आहे. भंगाराच्या भावावर सेवा फुकट दिली जात नाही. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांना कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून संघटित केले. त्यांच्या श्रमाला दाम मागितले, हेच त्या लढ्याचे सार आहे. शिवाय वेचक स्त्री जास्त भंगार मिळावे म्हणून कोणाच्या घरातली चांगली वस्तू मोडीत नाही. आपल्या धंद्यात माल आणि नुकसान यांत एका करवतीचे अंतर आहे.

दुसरी गोष्ट. उचलीचा दर वेगळा लिहिला, की मालकाच्या डोळ्यांसमोर प्रथमच एक प्रश्न उभा राहतो: हे सगळे न्यायलाच हवे का? नऊ हजारांचा आकडा पाहिल्यावर माणूस विचार करू लागतो. एकरकमी दरात तो विचार त्याला कधीच करावा लागत नव्हता. ज्या सोसायट्या ओल्या कचऱ्याचे खत करतात त्यांचे खड्डे बहुधा चिकट होतात, त्यांना वास येतो, कारण स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी फार, कोरडा कर्बयुक्त भाग थोडा. सुकलेला पाला आणि फांद्यांचा चुरा ही नेमकी उलट वस्तू. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण तीसास एक या आसपास असले की खत चांगले कुजते. एकीकडे टेम्पोला पैसे देऊन पाला बाहेर पाठवायचा आणि दुसरीकडे खड्ड्यासाठी भुसा विकत आणायचा, असे करणाऱ्या सोसायट्या आपल्या शहरात आहेत! प्रयोग परिवाराचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या प्रयोगांत पालापाचोळा हे मुख्य साधन मानले, आणि शहरातल्या गच्च्यांवर त्यांच्या विचाराने बागा झाल्या. वड, उंबर, फणस यांचा ओला पाला शेळ्यांना चालतो. वस्तीतले शेळ्या पाळणारे सांगितले तर येतात. जे आवारातच जिरविता येईल ते जिरवावे. उरेल त्याचीच खेप करावी. आपल्या दरपत्रकात ‘पाला आवारात पसरून देणे’ अशीही एक ओळ असावी आणि तिचाही दर असावा, कारण तेही श्रमच आहेत.

फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्राविषयी विचारले जाते. पुन्हा त्याच उदाहरणाचा हिशेब पाहा. यंत्राचे भाडे व डिझेल २,५००, फांद्या यंत्रात घालायला सोळा श्रमतासांचे २,०००, आणि चुरा एकाच खेपेत मावला असे धरले तर त्या खेपेचे भाडे १,५०० आणि गाडीबरोबरच्या माणसांचे ५००. एकूण ६,५००. नऊ हजारांच्या जागी साडेसहा. एकाच खेपेचा ढीग असेल तर मात्र यंत्र परवडत नाही, ते दारात आणण्यातच पैसे जातात. पण आपल्या दृष्टीने खरा आकडा दुसराच आहे: छत्तीस श्रमतासांच्या जागी वीस उरले. सोळा तासांची मजुरी गेली. यंत्राला विरोध करा असे मी म्हणणार नाही. ओल्या फांद्या खांद्यावरून चढविणे हे काम कोणाच्याही वाट्याला जितके कमी येईल तितके चांगले. प्रश्न यंत्र कोणाचे हा आहे. कंत्राटदाराचे असेल तर बचत त्याची आणि बेकारी मजुराची. संस्थेचे असेल तर वाचलेले अडीच हजार कसे वाटायचे हे सभासद ठरवितील. म्हणून भागभांडवलातून पहिली खरेदी काय करावी असे कोणी विचारले, तर मी कार्यालयाऐवजी यंत्राचे नाव घेईन. यंत्राबरोबर हातमोजे, चष्मे आणि शिकविलेला माणूसही हवा; या यंत्राला बाही आणि फांदी यांतला फरक कळत नाही.

माल टाकायचा कोठे, हे सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीत गेला. तेथल्या ग्रामस्थांनी त्याविरुद्ध वारंवार रस्ता अडविला. शहराने आपला खर्च गावावर ढकलल्याचे याहून ठळक उदाहरण शोधायला नको. फांद्यांना तर तिकडे पाठविण्याचे काही कारणच नाही. प्रत्येक प्रभागात एखादा लहान तुकडा, एक चुरा करण्याचे यंत्र, शेजारी खताचे वाफे, आणि तयार चुरा नगरपालिकेच्या बागांतल्या झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून: यात अशक्य काय आहे? पण ही जागा आपण मागितली पाहिजे, वॉर्डातल्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात मागितली पाहिजे. ती नसेल तर प्रामाणिक कंत्राटदारालासुद्धा ओढाच दिसतो. पावसाळ्यापूर्वीच्या दोन महिन्यांत सगळ्या शहराची छाटणी एकाच वेळी निघते, आणि मे २०२१ मधील तौक्तेसारखे वादळ आले तर एका दिवसात. त्या दिवशी जागा शोधायला निघून उपयोग नाही.

‘पण एवढा मोठा आकडा लिहिला तर काम मिळेल का?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे जादूचे उत्तर नाही. पहिले वर्ष अवघड जाईल. काही सोसायट्या अकरा हजारवाल्याकडे जातील. मला एवढेच दिसते की आपल्या १८,०००च्या पत्रकात सोसायटीला कमी करता येण्यासारखे पुष्कळ आहे: पाला ठेवला तर एक खेप कमी, ओंडके ठेवले तर आणखी थोडे कमी. अकरा हजारांच्या पत्रकात कमी करण्यासारखे काही नसते, कारण त्यात लिहिलेलेच काही नसते. माल कोठे रिता केला याची पावती आपण देयकाला जोडावी. समोरच्याकडे ती मागण्याची सवय सोसायट्यांना लागली, तर स्पर्धेचे रूप थोडे बदलेल. आणि ज्या सोसायट्यांत आपले सभासद, सहानुभूतिदार राहतात तेथून आरंभ करावा. समाजवादावर आपल्याशी तासन्‌तास गप्पा मारणारे पुष्कळ मित्र आपापल्या सोसायटीचे चिटणीस आहेत, आणि सर्वांत लहान आकड्यावर खूण करणारा हात त्यांचाच असतो.

शेवटी मोजमापाविषयी, कारण निविदा तेथेच फसतात. नगरपालिका उचलीचा दर वजनावर देऊ लागली, तर ओला माल लगोलग वाहण्याकडे कल होईल. चार दिवस सुकू दिला असता तर हलका झाला असता. खेपेवर दिला, तर अर्ध्या भरलेल्या गाड्या धावतील. माझा कल खेपेकडे आहे, पण गाडीच्या हौद्याचे माप करारात लिहून, भरलेल्या गाडीची आवारातच नोंद करून आणि त्या नोंदीवर मालकाची व मुकादमाची अशा दोघांच्याही सह्या घेऊन. भराईचे तास त्याच कागदावर लिहावेत. मजुरीचा वाद उद्भवला तर पुरावा म्हणून तोच कागद उपयोगी पडतो. संस्थेचे नियम लिहिणाऱ्या साथींनी या नोंदीचा नमुना आधी तयार करावा आणि पुढच्या बैठकीत तो सर्वांपुढे ठेवावा. घटनेच्या उद्देशपत्रिकेवरची चर्चा त्यानंतर घेतली तरी चालेल.